आत्याबाईंच्या सहाशे डाव्या कात्र्या

आत्याबाईंना मी ओळखू लागले ती त्यांच्या घरच्या कात्र्यांच्या कारखान्यात, माल बांधण्याच्या टेबलापाशी. तयार कात्री तेलाच्या फडक्याने पुसायची, मेणकागदात गुंडाळायची, खोक्यात ठेवायची आणि खोक्यावर चिठ्ठी चिकटवायची, हे काम मी तेथे बावीस वर्षे केले. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आत्याबाई बसत. मालकांची सख्खी बहीण आपल्यासमोर बसून तेच काम करते हे पाहून पहिल्या दिवशी मी उभीच राहिले होते. त्या म्हणाल्या, "टेबल एकच आहे हो. बसा. का मी तुमच्या डोक्यावर बसू?" तेव्हापासून आमचा परिचय. पुढे सांगणार आहे त्यातील काही मी प्रत्यक्ष पाहिले, पुष्कळसे त्यांच्याच तोंडून ऐकले, आणि एक गोष्ट मला त्यांच्या भावाकडून फार उशिरा समजली.

त्या आत्या होत्या एकाच मुलाच्या, परंतु सारा कारखाना त्यांना आत्याबाई म्हणत असे. थोरल्या भावाला सगळे दादा म्हणत. दादा मात्र बहिणीला लहानपणापासून 'डावरी' म्हणत, कारण ती डावखुरी होती. भाऊ सत्तरीला आला आणि बहीण साठीला टेकली, तरी "डावरे, जरा इकडे ये" ही हाक बदलली नाही. आत्याबाईंचे लग्न झाले नाही. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली होती, पण ती तडीस नेण्याची घाई कोणीच केली नाही. पत्रव्यवहार, मालाची नोंद, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, वहिनींचे आजारपण, भाच्याचा, म्हणजे दादांच्या मुलाचा, अभ्यास, यांपैकी कशाचेही पान त्यांच्यावाचून हलत नव्हते. घरातल्या माणसाची गरज फार असली की त्याचे स्वतःचे राहून जाते, हे मी तेथे पाहिले.

कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली होती. एका टोकाला भट्टी आणि ठोकण्याचा घण, मध्ये तेलाची टाकी, पुढे धार काढण्याची चार चाके, आणि दुसऱ्या टोकाला काचेच्या मोठ्या खिडकीची एक लहान खोली. त्या खोलीत दादांचे बाक होते. बाजूने लाकडी जिना वर घरात जाई. घर आणि कारखाना यांच्यामध्ये केवळ अकरा पायऱ्या होत्या. वर फोडणी पडली की खाली शिंका येत, आणि खाली भांडण झाले की वर जेवण थंड होई.

त्या घराचा एक नियम होता. दादांच्या वडिलांनी तो घालून दिला होता: घरच्या माणसाच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही कात्री दाराबाहेर जाणार नाही. कात्रीची दोन पाती सरळ नसतात. त्यांना किंचित बाक दिलेला असतो, त्यामुळे मिटताना ती एका वेळी एकाच ठिकाणी एकमेकांना टेकतात आणि ते टेकणे मुळापासून टोकापर्यंत सरकत जाते. तो बाक आणि मधल्या खिळ्याचा ताण जुळवणे यालाच कात्री लावणे म्हणतात. दादा प्रत्येक कात्री कानाजवळ नेऊन एकदा सावकाश मिटत. रेशीम फाटल्यासारखा अखंड आवाज आला, तर ठीक. मग ओल्या तलम कापडाची चिंधी टोकापर्यंत कापून पाहत. कोठे अडले, तर शिशाच्या ठोकळ्यावर पाते ठेवून लाकडी हातोडीने दोन हलके ठोके देत. दिवसाला साठ कात्र्या होत, एकसष्टावी नाही.

तीस वर्षांत त्या घरची कात्री कधी परत आली नव्हती. शिंप्यांच्या दुकानांतून तिचे नाव आदराने घेतले जाई. परंतु तीस वर्षांत कारखाना वाढलाही नव्हता. भाचा व्यापाराचे शिक्षण घेऊन आला तेव्हा म्हणाला, "आपला कारखाना म्हणजे बाबांच्या उजव्या हाताएवढा. बाबांना सर्दी झाली की धंदा बंद." तपासायला बाहेरचा पगारी माणूस ठेवावा, असे त्याचे म्हणणे होते. तो प्रत्येक गोष्टीत वाद घालतो म्हणून दादा त्याला बॅरिस्टर म्हणत.

"बॅरिस्टर, पगारी माणसाला पगार कळतो. कात्री कळत नाही."

"बाबा, तुम्हालाही ती जन्मतः कळत नव्हती."

"मला बापानं कान पिळून शिकवलं. तू त्याचे कान पिळशील का? दुसऱ्या दिवशी येणार नाही तो."

यावर सगळे हसत आणि विषय तेथेच बुडे.

भाच्याला माल परदेशी पाठवायचा होता. एका मोठ्या प्रदर्शनाला तो नमुन्यांची पेटी घेऊन गेला आणि आठ दिवसांनी परत आला. त्या दिवशीच्या जेवणाच्या वेळेचा प्रसंग आत्याबाईंनी मला इतक्या वेळा सांगितला आहे की मी त्या टेबलावर बसले होते असे मला वाटते.

"काय म्हणाला तुझा सातासमुद्रापलीकडचा व्यापारी?" दादांनी विचारले.

"म्हणाला, कात्री उत्तम आहे. पण उत्तम कात्री देणारे चाळीसजण माझ्या दारात उभे आहेत. कुणाकडे नाही असं काही असेल तर दाखवा."

"मग? काय दाखवलंस?"

"रिकामे हात."

"रिकामे कसे? मी कडक इस्त्रीचे चार शर्ट दिले होते बॅगेत," वहिनी म्हणाल्या. "तेच दाखवायचे."

आत्याबाई उठल्या. आपल्या खोलीतील कपाटातून त्यांनी फडक्यात गुंडाळलेली एक कात्री आणून ताटाशेजारी ठेवली. दिसायला ती साधी शिंप्याची कात्री होती, पण सर्व काही उलट होते. वरचे पाते डावीकडे, अंगठ्याची कडी डाव्या अंगठ्याच्या वळणाची. अकरा वर्षांपूर्वी टाकाऊ पात्यांतून, सुटीच्या दिवशी, त्यांनी ती स्वतःसाठी घडवली होती. साधी कात्री डाव्या हातात धरली की अंगठा पात्यांना जवळ आणण्याऐवजी दूर ढकलतो, आणि कापड कापले न जाता पात्यांत दुमडते. आयुष्यभर त्यांनी ते सोसले होते. अंगठ्याच्या मुळाशी शेंगदाण्याएवढा घट्टा होता.

भाच्याने ती उजव्या हातात घेतली. "आत्या, ही तर कापतच नाही."

"तुझ्या हातात नाही कापायची. दे इकडे." त्यांनी ती डाव्या हातात घेतली, टेबल पुसण्याचे ओले फडके उचलले आणि एका दमात टोकापर्यंत कापले.

"अगं बाई, माझं फडकं!" वहिनी ओरडल्या.

दादांनी कात्री घेतली. चाळीस वर्षे कात्र्या लावलेले ते कारागीर; डावी कात्री डाव्या हातात धरायची हे त्यांना सांगावे लागले नाही. पण त्यांच्या डाव्या हाताने कधी चमचाही धरला नव्हता. फडके दुमडले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा दुमडले. त्यांनी ती खाली ठेवली आणि प्रांजळपणे म्हणाले, "माझ्या हाताला कळत नाही ही."

"माझ्या हाताला कळते, दादा."

भाचा खुर्चीतून उठलाच. जगात दर दहा-बारा माणसांमागे एकजण डावखुरा असेल, शिवणकाम शिकवणाऱ्या शाळाच किती आहेत, हे तो बोटांवर मोजू लागला. दादांनी त्याला हाताने थांबवले. "ते असू दे. नाकापेक्षा मोती जड व्हायला नको. आधी एक सांगा. ह्या तपासायच्या कुणी? आपला नियम काय आहे?"

 मग आत्याबाई म्हणाल्या, "घरच्या माणसाचा हात हवा ना? मी काय दारची आहे?"

त्यांच्या वडिलांनी त्यांना बाकावर कधी बसू दिले नव्हते. डाव्या हाताने लावलेली कात्री उलटी बसते, असे ते म्हणत, आणि साध्या कात्रीपुरते ते खरेही होते. त्यामुळे कात्र्या पुसण्यात आणि बांधण्यात त्यांचा जन्म गेला. त्या घरात दादांचा हात म्हणजे घरचा हात होता. आपलाही हात त्यात धरला जावा, एवढीच त्यांची आकांक्षा होती. परदेशाचे त्यांना फारसे अप्रूप नव्हते.

दादांनी त्या कापलेल्या फडक्याची कड बोटाने चाचपली. "बरं," ते म्हणाले. "डाव्या तू तपास."

प्रथम बारा नमुने गेले. ते आत्याबाईंनी स्वतः लावले आणि भाच्याने स्वतः नेऊन दिले. सहा आठवड्यांत पत्र आले. भाच्याने ते जिन्यात उभे राहून मोठ्याने वाचले. शिक्षिका कात्र्यांवरून भांडत आहेत, एक बाई कात्री उशाशी घेऊन झोपते असे तिच्या नवऱ्याने कळवले आहे, आणि सहाशे कात्र्या लवकर पाठवाव्यात, असा मजकूर होता.

मग कारखान्यात उलथापालथ झाली. ठोकण्याचे साचे आरशात पाहून केल्यासारखे उलटे करावे लागले. धार काढणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला सगळे ठिणगी म्हणत. त्याला चाकाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून काम शिकावे लागले. तो कुरकुरला, "आत्याबाई, माझे दात पडले, आता ह्या वयात उलटं नाचायला लावता होय?" त्या म्हणाल्या, "नाचता येत होतं कधी? मग सुलटं काय आणि उलटं काय." त्या महिन्यांत ठिणगीने काढलेल्या धारा मी पुसल्या आहेत. त्याने इतके मन लावून काम केलेले मी आधी पाहिले नव्हते.

दादांच्या खोलीत दुसरे बाक आले. खिडकीपाशी एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला बहीण. त्याची हातोडी उजव्या हातात, हिची डाव्या. दुपारच्या उजेडात दोघांच्या सावल्या समोरच्या भिंतीवर पडत, आणि एकाच माणसाने दोन्ही हातांनी काम करावे तसे ते दिसे. बोलणे फारसे होत नसे. एकदा मी चिंध्या घेऊन गेले असता दादा म्हणत होते, "डावरे, तुझ्या कात्रीचा आवाज माझ्यापेक्षा बारीक येतो."

"मी खिळा जरा सैल ठेवते."

"फार सैल ठेवू नकोस हं."

"नाही रे. डावखुऱ्याचा अंगठा आपणहून दाब देतो. त्याला जागा ठेवावी लागते."

दादा "हं" म्हणाले. त्या हुंकारात विश्वास होता की शंका, हे मला तेव्हा कळले नाही. आत्याबाई त्या काळात गुणगुणत जिना उतरत. बावीस वर्षांत मी त्यांना तेवढेच दिवस गुणगुणताना ऐकले.

सहाशेवी कात्री लावून झाली त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला. अकरा दिवस त्या वरच्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. भाचा बंदराच्या गावी कागदपत्रांच्या मागे धावत होता. सहाशे कात्र्या दादांच्या खोलीत, आत्याबाईंच्या बाकाशेजारी, फळ्यांवर रांगेने मांडलेल्या होत्या.

त्या अकरा दिवसांत दादांनी त्या सर्व कात्र्या आपल्या हाताखालून घातल्या.

कोणालाच त्याचे नवल वाटले नाही. दादा कात्र्या तपासत बसतात हे आम्ही रोज पाहत होतो. सूर्य उगवला याची कोणी बातमी करत नाही. तपासून झालेल्या कात्र्या मला आणून दिल्या जात आणि मी त्या बांधत असे. खोकी भरली, चिठ्ठ्या लागल्या, गाडी आली आणि गेली. आत्याबाई काठी टेकत खाली आल्या तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या. दादा त्यांना म्हणाले, "गेल्या तुझ्या कात्र्या. आता निवांत बस." त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघेही जेवायला वर गेले.

तीन महिने काही कळले नाही. मग पत्र आले, आणि पत्रापाठोपाठ खोकी.

ती खोकी आमच्याच टेबलावर उघडली गेली. वापरलेल्या चाळीसएक कात्र्या वर होत्या, खाली बाकीच्या, मी गुंडाळल्या तशाच. वापरलेल्यांच्या धारा दातेरी झाल्या होत्या. पाती एकमेकांना चावली होती. पत्रात लिहिले होते की कात्री जड चालते, अंगठ्याला फोड येतो, आठ दिवसांत धार जाते, नमुना एक दाखवला आणि माल दुसराच पाठवला.

आत्याबाईंनी एक नवीन पुडी सोडली आणि कात्री डाव्या हातात घेऊन एकदाच मिटली. ती जड चालली. त्यांनी ती पालथी करून खिळ्यापाशी पाहिले. तेथे लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांच्या पुसट खुणा शेजारी शेजारी होत्या; त्या त्यांच्या हातच्या नव्हत्या. दुसरी पुडी सोडली, तिसरी सोडली. खुणा सगळीकडे होत्या.

त्यांनी मला हळू आवाजात विचारले, "मी आजारी असताना ह्या कुणाच्या हाताखालून गेल्या?"

"दादांच्याच," मी म्हणाले. "एकेक करून. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

झाले होते ते असे. दादांनी प्रत्येक कात्री प्रामाणिकपणे डाव्या हातात धरून पाहिली होती. पण त्यांच्या अडाणी डाव्या हाताला दाब देता येत नव्हता, म्हणून चिंधी दुमडत होती. जी उणीव त्यांच्या हातात होती ती त्यांनी कात्रीत शोधली. खिळे आवळले, बाक वाढवला, आणि आपल्या हाताने चिंधी कापली जाईपर्यंत सहाशे कात्र्या सुधारल्या. मग त्या खऱ्या डावखुऱ्यांच्या हातांत गेल्या. त्यांच्या अंगठ्यांनी आपला दाब वर दिला, आणि पाती एकमेकांना खाऊ लागली.

मी म्हटले, "आत्याबाई, दादांना सांगा ना. चूक आहे, कळली की सुधारेल."

 तीनही कात्र्या त्यांनी पुन्हा मेणकागदात गुंडाळल्या, कडा नीट दुमडल्या, आणि आतल्या खोलीकडे पाहिले. दादा कानाजवळ कात्री धरून बसले होते. त्यांच्या उभ्या आयुष्यात एकही कात्री परत आली नव्हती.

त्या संध्याकाळी वरती सगळे टेबलाभोवती बसले. दादांनी ताटाला हात लावला नाही. भाचा संतापला होता.

"नमुने बारा होते, ते चांगले होते. मग सहाशेच कसे बिघडले? कुणी सांगेल का मला?"

आत्याबाई म्हणाल्या, "बारा करणं वेगळं आणि सहाशे करणं वेगळं. माझा हात थकला. शेवटी शेवटी ताप अंगात होता, कळलं नाही मला."

"सहाशेच्या सहाशे?"

"सहाशेच्या सहाशे."

"तरी मी म्हणत होतो, बाहेरचा माणूस ठेवा! घरचा हात, घरचा हात! घ्या आता घरचा हात!"

"बॅरिस्टर, पुरे," दादा म्हणाले. त्यांचा आवाज फार खाली गेला होता. "तिला एक अक्षर बोलायचं नाही. मी हो म्हटलं होतं. दोष माझा आहे."

हे ऐकून आत्याबाईंच्या तोंडाशी खरे आले होते. "तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी स्वतःच स्वतःला दिला," असे त्या मला पुढे म्हणाल्या. बहिणीचा समजून भाऊ तो दोष स्वतःकडे घेत होता. खरोखर तो दोष त्याचाच आहे, हे त्याला कळले तर तो पुन्हा कधी कात्री कानाशी नेऊ शकणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

दोन दिवसांनी त्यांनी भाच्याला गाठून एकच गोष्ट सुचवली. बहुतेक पुड्या उघडल्याही नव्हत्या. पंधरा दिवस मिळाले तर त्या कात्र्या पुन्हा लावून देता येतील. भाचा दमलेला होता. तो म्हणाला, "आत्या, पुन्हा तुझ्याच हातानं?"

तो वाईट मुलगा नव्हता. बोलून गेल्यावर त्याने मान खाली घातली. पण बाण सुटला होता.

तो व्यापारी पुन्हा आला नाही, आणि दुसऱ्याकडे जाण्याचा धीर घरात कोणाला झाला नाही. उलटे साचे वितळवले गेले. आत्याबाईंचे बाक आमच्या खोलीत आले आणि त्यावर मेणकागदाचे गठ्ठे रचले गेले. सहाशे कात्र्या भंगारात निघाल्या तेव्हा त्यांनी त्या स्वतः मोजून दिल्या. ठिणगी चाकाच्या जुन्या बाजूला परत गेला.  वर्षभराने भाच्याने दुसऱ्या कंपनीत नोकरी धरली. जाताना तो आत्याबाईंच्या पाया पडला, आणि वडिलांशी हात मिळवून गेला. कारखाना पुन्हा दादांच्या उजव्या हाताएवढा झाला, आणि तो हात दर वर्षी थोडा थोडा थकत होता.

आत्याबाई त्यानंतर सहा वर्षे माझ्यासमोर बसल्या. कामात कसूर नव्हती, विनोदही करत. परंतु कोणी नवीन काही सुचवले की त्या म्हणत, "दादाला विचारा, मला त्यातलं कळत नाही." पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला रडू आले होते, पुढे सवय झाली. शेवटचे दुखणे त्यांच्या फुफ्फुसांत शिरले, आणि तीन महिन्यांत त्या गेल्या.

त्या गेल्यावर दोन वर्षांनी मी दादांना भेटायला गेले. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. दादा खिडकीशी बसले होते. ऐकू कमी येत होते, त्यामुळे कारखाना बंद झाला होता. बोलता बोलता ते आपणहून म्हणाले:

"डावरीचं डोकं फार चांगलं होतं हो. हात तेवढा कच्चा. तुम्हाला आठवतं ना, ती आजारी होती तेव्हा मी बसून सगळ्या कात्र्या पुन्हा लावल्या? म्हटलं, तिचं पहिलंच परदेशी काम, कुणी नावं ठेवायला नकोत. काय सैल होत्या एकेक! एवढं करूनही त्या टिकल्या नाहीत, म्हणजे मुळात किती बिघडल्या असतील. पण तिला मी कधी कळू दिलं नाही. त्या दिवशी टेबलावर जिभेवर आलं होतं. गिळलं. तिला वाईट वाटलं असतं, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणाली असती."

ते माझ्याकडे पाहत होते.  मी म्हणाले, "तुमचं त्यांच्यावर फार प्रेम होतं, दादा." ते खरेच होते.

मागील वर्षी दादा वारले. त्यांना खांदा द्यायला मुलगा परदेशाहून आला होता. त्याला कोणीतरी सांगताना मी ऐकले, "तुमच्या आत्यांच्या त्या डाव्या कात्र्यांनी घर बुडवलं." त्याने होकारार्थी मान हलवली.

म्हणून हे सर्व लिहिले आहे. आत्याबाईंच्या अखेरच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांना धाप लागत होती, शब्द तुटत होते, आणि भाऊ खाली बाकावर काम करत होता, हातोडीचे ठोके ऐकू येत होते. त्यांनी डोळे उघडून ते थोडा वेळ ऐकले. मग माझे मनगट धरले आणि म्हणाल्या, "दादा आहे तोवर नको. तो गेल्यावर माझ्या बॅरिस्टरला एवढं सांगा, कात्र्या बरोबर होत्या."